भीमरावांचं बर्फातलं फूल

टेलिफोन एक्स्चेंजात दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची, म्हणून की काय, स्वतःचे किस्से साठतच जातात. आमच्या तंजावरच्या एक्स्चेंजातले निम्मे किस्से तर भीमरावांच्या एका कुंडीचे!

भीमराव आमचे सुपरवायझर. त्यांची लेक सरसू लग्न होऊन इंग्लंडला गेली. तिनं पाकिटातून बटणाएवढा सुका कंद पाठवला. 'अप्पा, हे सायक्लमेन. इथं बर्फात फुलतं. फूल आलं की फोटो पाठवा.' झालं! आमच्या उन्हात बर्फातलं फूल काढायचंच, असा भीमरावांनी पण केला.

*

पण थंडी आणायची कुठून? गावात बारा महिने गार जागा एकच, आमची नवी मशीन-रूम. एसी होता, देवळासारख्या चपला बाहेर काढायच्या. भीमराव चपला काढून आत गेले आणि काचेच्या खिडकीशी कुंडी ठेवून आले.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"एसी चालतोय का बघायला, सार!"

*

महिना गेला, काही दिसेना. शेवटी उकरलं, तर कंद उलटा लावलेला! खाली फुटलेला कोंब अख्ख्या कंदाला वळसा घालून वर निघाला होता. आम्ही बघतच राहिलो.

"अंधारात याला वर कुठं ते कोण सांगितलं?" भीमराव हळूच म्हणाले. 

*

मग बातमी लाईनवरून पसरली. पापनाशमचा ऑपरेटर कॉल जोडण्याआधी विचारायचा, "सार, पू वंदाच्चा?" फूल आलं का!

फूल नव्हतं. जानेवारीअखेर भीमराव रिटायर झाले. हार, नारळ आणि कुंडी घेऊन घरी गेले. एसी सुटला. मार्चमध्ये पानं गळाली. आम्ही चक्क सांत्वनाला गेलो.

"गेलं," भीमराव म्हणाले.

"गेलं नाही हो, निजलंय," त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई म्हणाल्या. "अस्की उगी राहा!" आम्हा सगळ्यांना असं गप्प करून त्यांनी कुंडी पाण्याच्या रांजणामागं सरकवून दिली.

*

मार्गळी महिन्यात, म्हणजे धनुर्मासात, आमच्याकडे पहाटे दारात रांगोळी, मधोमध शेणाचा गोळा आणि त्यावर भोपळ्याचं फूल. या घरात लेक आहे, अशी त्याची खूण. सरसू गेल्यापासून लक्ष्मीबाईंच्या गोळ्यावर फूल नव्हतं.

त्या सकाळी भीमराव मोपेडवरून माझ्याकडे आले. "कॅमेरा घे! फुललं! एकच आहे, गुलाबी!"

धावतपळत त्यांच्या घरात शिरलो. रांजणामागं कुंडीत नुसता देठ! भीमरावांचा चेहरा उतरला.

"लक्ष्मी, फूल कुठं?"

त्यांनी दाराकडे बोट केलं. घाईत आम्ही ज्या रांगोळीला वळसा घालून आलो होतो, तिच्या मधोमध, शेणाच्या गोळ्यावर ते फूल होतं.

"गल्लीला कळू दे की," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

भीमराव रांगोळीशी उकिडवे बसले.  मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "काढ फोटो. दारासकट येऊ दे."