सहा हजार फुटांवरची ऊब

आग्राफेना टुगाटुक रेडिओवर जेवढ्यास तेवढंच बोलायची. नैऋत्य अलास्कातल्या नदीकाठच्या गावांना टपाल, बाळांचे लंगोट, गोठवलेली कोंबडी असं सगळं तिच्या एका इंजिनाच्या विमानातून जायचं. वैमानिकांना हवेची माहिती देणाऱ्या केंद्रात बसलेला म्हातारा एमेट रोज विचारायचा, "वाटेत हवा कशी होती?"

"होती बरी."

"अगं बाई, तोंडात मासा धरलायस का? उपग्रहाला ढगाचा माथा दिसतो. पोटात काय शिजतंय ते आत शिरलेल्यालाच कळणार!"

"पोचले ना मी? झालं तर मग."

मार्चमधल्या एका दुपारी टेकड्यांवरून जाताना ती ढगात शिरली. समोरच्या काचेवर बारीक पाऊस पडला आणि पडल्या जागी गोठला. पंखांच्या कडांवर खडबडीत बर्फ साचू लागलं. विमान जड झालं, वेग घटू लागला. खाली टेकड्या, मागे तोच ढग.

"एमेट," ती म्हणाली, "चार हजार फुटांवर आहे. पंखांवर बर्फ धरतंय. भराभर."

एमेटने या वेळी टोमणा मारला नाही. "ऐक. आत्ताच एक मालवाहू विमान तुझ्याच वाटेवरून गेलं. त्यांनी कळवलंय, आज उलटं आहे, वर सहा हजारांवर हवा उबदार आहे. शून्याच्या वर तीन अंश. तिथे बर्फ नाही."

जड झालेलं विमान वर चढवायचं, तेही कधी न पाहिलेल्या माणसाच्या शब्दावर! तिने विमानाचं नाक उचललं. इंजिन कण्हत होतं. पाच हजारांच्या पुढे तापमापीचा काटा हलला आणि थोड्याच वेळात पंखांवरचे बर्फाचे पापुद्रे सुटून धडाधड शेपटीवर आदळू लागले. मग एकाएकी ढग संपला. लख्ख ऊन, आणि दूरवर ज्वालामुखीचं पांढरं शिखर.

तेवढ्यात रेडिओवर एमेट दुसऱ्याच कुणाला तरी सांगत होता, "त्या टेकड्यांवर चार हजारांवर जोराचं बर्फ धरतंय. टपालाच्या विमानाने आत्ताच कळवलंय."

"समजलं. आम्ही नदीच्या बाजूने जातो," पलीकडून उत्तर आलं.

चहूकडे चिटपाखरू नव्हतं, तरी आभाळ माणसांनी भरलेलं होतं. संध्याकाळी कळलं की तिच्या चार शब्दांवरून अँकरेजच्या हवामानवाल्यांनी सगळ्या टापूला इशारा दिला होता, आणि तीन विमानं जमिनीवरच थांबली होती. त्या मालवाहू विमानात कोण होतं, ते मात्र तिला कधीच कळलं नाही.

पुढे तिची टकळी अशी सुरू झाली की एमेट वैतागायचा. "आज आभाळ निरभ्र आहे, तेही सांगतेस?"

"मग? मागून येणाऱ्याला ते कसं कळणार?"

एमेट निवृत्त झाला त्या आठवड्यात तिने त्याला विमानात शेजारच्या रिकाम्या जागेवर बसवलं. इतकी वर्षं त्याने लोकांना ढग सांगितले, पण छोट्या विमानातून त्यांच्यात कधी शिरला नव्हता. विमान ढगाबाहेर आलं तेव्हा तो दोन्ही हात काचेला टेकवून बघत राहिला.

"कळवा की आता," तिने माईक पुढे केला.

त्याने बटण दाबलं. केंद्रातली नवी मुलगी वाट बघत होती. "वरती..." तो म्हणाला आणि अडखळला. "वरती, पोरी... थांब जरा, सांगतो."