शेवंतामावशी यायच्या आत एक मेणबत्ती

केजच्या आमच्या शाळेत स्टाफरूममधले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. तपासायच्या वह्यांसारखे ते आपोआप साचतात आणि ऑफ पीरियडला कुणीतरी गठ्ठा सोडतो. यंदाचा गठ्ठा माझा. विषय एकच, सुगंधी मेणबत्ती! तुम्ही खुशाल हसा. मी दमलोय, म्हणून मला हसू येत नाही एवढंच.

झालं असं की आईला अर्धांगवायू झाला. तोंड थोडं वाकडं झालं, समोरच्या खोलीत खाट पडली. औषधं, मालिशचं तेल, फिनेल. गल्लीतल्या बायका एकदा डोकावून गेल्या, बसलं कुणी नाही. एक दिवस आईनं अडखळत विचारलं, "माजा वास येतोय का रं?"

मी म्हणालो, "न्हाई गं."

माझं खोटं आईला मी पहिलीत असल्यापासून ओळखू येतं. ती म्हणाली, "शेवंता यायच्या आत काय तरी कर. तिनं नाकाला पदर लावला तर मला न्हाई सहन व्हायचं."

शेवंतामावशी आमच्यापासून तीन घरं सोडून राहते. चाळीस वर्षं दोघींचा दुपारचा चहा एकत्र. लेकीच्या बाळंतपणाला वडवणीला गेलेली, आठ-पंधरा दिवसांत परतणार होती.

*

मेणबत्ती निवडायला मी मोबाईल घेऊन स्टाफरूममध्ये बसलो. चूक केली. गणिताचे शिंदे सर लगेच खुर्ची ओढून शेजारी आले.

"व्हॅनिला? घरात मुंग्या होतेल."

"मोगरा?"

"लग्नघर वाटंल."

"मग चंदन घेतो."

शिंदे सर दचकलेच. "चंदन? येड लागलं का, सर? आजारी माणसाच्या घरातून चंदनाचा वास आला की गल्लीतले लोक टोप्या काढून दारात बसतेत!"

राहता राहिलं 'पालो सांतो'. दक्षिण अमेरिकेतलं कुठलंसं झाड, त्याचं लाकूड जाळलं की सुवास येतो म्हणे. शिंदे सर म्हणाले, "लाकूड जाळायला तिकडं काहून जायचं? आपल्याकडं बाभळी काय कमी हायत?" पण मी तोवर ऑर्डर टाकली होती.

*

पार्सल शाळेच्या पत्त्यावर आलं, झाकणाच्या काचेच्या बरणीतली मेणबत्ती. शेख मॅडम विज्ञान शिकवतात. त्या म्हणाल्या, आधी इथं लावून बघू. लावली. पाच मिनिटांत हेडसर आत आले, चपला दाराबाहेर काढल्या, हात जोडले आणि विचारलं, "पूजा कशाची होती? अन् प्रसाद संपला काय?"

शेख मॅडमना डब्यातला शिरा द्यावा लागला.

*

शेख मॅडमच्या अब्बांचं बाजारात अत्तराचं आणि लोबानचं दुकान आहे. मॅडम म्हणाल्या, अब्बांना दाखवा. म्हाताऱ्यानं बरणी नाकाशी धरून डोळे मिटले. "ऊद न्हाई. लोबान न्हाई. लिंबू हाय, जरा पुदिना हाय, अन् खाली लाकूड हाय. चांगली चीज हाय. किसके लिए?"

मी सांगितलं. आई, खाट, खोलीतला वास, सगळंच. एरवी मी कुणाला सांगत नाही, पण त्या दिवशी सांगून गेलो.

अब्बांनी बरणीचं झाकण हातात फिरवलं. मग म्हणाले, "सर, बू के उप्पर बू डाले तो दो बू हो जाते."

मला राग आला. मी झाकण लावलं आणि निघालो.

*

संध्याकाळी घरी खिडकीत मेणबत्ती लावली. समोरच्या घरातल्या शेजाऱ्यांची हाक आली, "सर, तुमचा एकच फेज गेलाय काय?"

मी म्हणालो, "लाईट हाय ओ. वासासाठी लावलीय."

त्यांना ते पटेना. भला माणूस, त्यांनी परस्पर वायरमनला फोन केला. तो आला, खांबावर चढला, बिघाड सापडेना म्हणून त्यानं सगळ्या गल्लीची लाईट बंद करून बघितली. ती तासभर आली नाही. तेवढा तासभर मात्र माझं मेणबत्ती निवडणं योग्य ठरलं!

*

अंबाजोगाईहून आठवड्यातून एकदा फिजिओथेरपीचे डॉक्टर येतात. मेणबत्ती बघून ते खूश झाले. "आजी, रोज हिच्यावर फुंकर मारा. ओठांना व्यायाम होईल, बोलणं सुधारंल."

आईनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते खुर्चीत सरळ बसले. "दिवा फुंकून इजवायचा? तुमच्या आईनं हेच शिकवलं का?"

"आजी, मेणबत्ती आहे ती."

"जळतीय ना? मग दिवाच."

डॉक्टरांनी मेणबत्तीला नमस्कार केला आणि फी न घेताच निघाले. मला मागे पळत जाऊन द्यावी लागली. त्या दिवसापासून बायको मेणबत्ती झाकण ठेवूनच विझवायची. आईचे ओठ होते तसेच राहिले.

*

आणि मग शेवंतामावशी आली. दुपारी, न सांगता, वडवणीच्या जीपमधून उतरून थेट. हातातली पिशवीसुद्धा घरी ठेवली नव्हती. आईनं मला डोळ्यांनी खुणावलं. मी धावत मेणबत्ती लावली, आईच्या उशापाशी ठेवली.

मावशी आत आली. थांबली. आणि तिनं नाकाला पदर लावला.

आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, आता जमीन फाटावी.

"ह्ये काय जाळलंय रं?" मावशी माझ्यावर ओरडली. "डोकं धरलं की माजं! चाळीस वर्सं हिच्यापाशी बसते मी. हिचा वास मला अंधारात वळखू येतोय. ह्यो कुणाचा वास हाय? इजव आधी!"

मी झाकण शोधू लागलो. सापडेना. फुंकर मारायची सोय नाही, आई समोर.

आईनं मान वळवली. "आण हिकडं," म्हणाली.

मी बरणी तिच्या तोंडापुढे धरली. पहिली फुंकर एका बाजूनं निसटून माझ्या हातावर आली. दुसरीला ज्योत वाकली आणि पुन्हा उभी राहिली. आईनं डोळे मिटले, जोर लावला. तिसरीला विझली.

शेवंतामावशीनं नाकावरचा पदर काढला, पिशवी जमिनीवर ठेवली आणि खाटेवर आईला खेटून बसली.

"हां," ती म्हणाली. "आता बोल."