रिव्हर्सविरहित वसईप्रदक्षिणा

सौभाग्यवतींच्या ज्येष्ठ बंधूंनी, म्हणजे दादांनी, वसईच्या वाडीत रविवारच्या भोजनाचे निमंत्रण धाडले आणि मनवेलपाड्यातील आमच्या द्विकक्षीय साम्राज्यात वाहनविषयक मतभेद उद्भवला. सुलभेचे मत रिक्षाच्या बाजूचे होते. सोळा वर्षे निष्ठेने सेवा केलेल्या स्वकीय मोटारीचा असा उपमर्द मला मान्य नव्हता.

"अहो, ती सुरू केली की तिसऱ्या मजल्यावरचे लोक खिडकी लावतात," सुलभा म्हणाली.

अखेर तह झाला. कोणी न ओढता गाडी घरी परतली, तर ती राहील. दोर बांधायची वेळ आली, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला. तहाची कलमे तिची, स्वाक्षरी माझी.

जुन्या गाडीने असा प्रवास योजणाऱ्या वाचकांसाठी पूर्वलक्षणे नमूद करणे मी कर्तव्य समजतो. विशेषतः त्यांतील प्रत्येकाकडे मी विद्वत्तापूर्ण दुर्लक्ष केले असल्यामुळे. पार्किंगच्या फरशीवर रोज सकाळी तेलाचा डाग दिसे. तो मी शेजाऱ्यांच्या स्कूटरच्या नावे लावला. वेगासोबत गिअरबॉक्समधून एक गुणगुण उमटे. तिला मी तंबोऱ्याचा दर्जा दिला. अॅक्सिलरेटरवरून पाय काढताच दुसरा गिअर आपोआप सुटून न्यूट्रलमध्ये येई. हे मला वैराग्याचे लक्षण वाटले. रिव्हर्स टाकताना मात्र महिनाभर दातांवर दात घासल्याचा आवाज येत होता, आणि गुरुवारी तोही थांबला. आवाज थांबला, कारण रिव्हर्स पडणेच थांबले.

हे शेवटचे वृत्त मी सुलभेला दिले नव्हते. आमच्या पार्किंगला उतार असल्यामुळे न्यूट्रलमध्ये गाडी आपोआप मागे येते. गुरुत्वाकर्षण हाच माझा एकमेव विश्वासू सहकारी होता.

मार्ग मी या दृष्टीने आखला, की कोठेही मागे सरकण्याचा प्रसंग येऊ नये. शहरातला रस्ता जवळचा, पण गल्ल्यागल्ल्यांतून जाणारा. म्हणून विरार फाट्यावरून महामार्ग, तिथून जूचंद्र, मग रेल्वेवरचा पूल ओलांडून पश्चिमेला, असा द्राविडी प्राणायाम निवडला. महामार्गावर ट्रकांची रांग असते, तेव्हा आठच्या आत निघावे. जूचंद्रला मिसळ उत्तम मिळते. आम्ही मात्र पहिली दोन हॉटेले सोडली, कारण तिथे गाडी भिंतीकडे तोंड करून लावावी लागत होती. "तिसऱ्यात काय विशेष आहे?" सुलभेने विचारले. प्रशस्त प्रांगण, मी म्हणालो.

पुलाच्या चढावर क्लचनेही आपले मनोगत व्यक्त केले. इंजिन गर्जत होते, फेऱ्यांचा काटा चढत होता, गाडी मात्र बैलगाडीच्या गांभीर्याने सरकत होती. क्लच प्लेट झिजल्याचे हे चिन्ह ओळखून ठेवा. त्यामागोमाग जळका वास आला. सुलभेने नाक आक्रसताच मी पुढच्या ट्रककडे बोट दाखवून त्या निरपराध चालकाची मनसोक्त निंदा केली.

किल्ल्यापाशी मोकळी जागा मुबलक आहे. तिथे गाडी वळवून घेण्यासाठी मी एक विस्तीर्ण वर्तुळ काढले, नेम चुकला म्हणून दुसरेही काढले, आणि या कृतीस इतिहासाला घातलेली प्रदक्षिणा असे नाव दिले. तटबंदी पाहायला निवांत तासभर ठेवावा, पाणी सोबत न्यावे.

दादांच्या वाडीकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी सुलभा सोनचाफा घ्यायला उतरली. तुम्ही व्हा पुढे, म्हणाली. मी झालो.

ही वाट एकाच वाहनापुरती आहे. दोहों बाजूंना दगडी गडगे, त्यांपलीकडे केळी आणि चिकू. समोरासमोर आल्यास रिकाम्या गाडीने मागे हटून भरलेलीला वाट द्यावी, हा इथला अलिखित नियम. समोरून केळीच्या घडांनी गच्च भरलेला टेम्पो आला.

"काका, जरा मागं घ्या ना," चालक म्हणाला. तो जूचंद्रचा. "माजी भरलेली हाय."

मी प्रतिष्ठापूर्वक उतरलो. "महोदय, या मार्गाची रुंदी मुळातच अपुरी आहे," असे सांगून, बाजूने टेम्पो निघेल काय हे पाहण्यासाठी एका गडग्यापासून दुसऱ्यापर्यंत पावले टाकली. वाटेवर झुकलेल्या चिकूकडे बोट दाखवून मी म्हणालो, "हा वृक्ष नसता, तर प्रश्नच मिटला असता."

गडग्याआड फुले खुडणारी एक आजी सावकाश उभी राहिली. थोड्याच वेळात माझ्याभोवती पंधरा-वीस माणसे होती आणि त्यांपैकी कोणीही हसत नव्हते. इस्त्रीचा सदरा घातलेला मनुष्य वाटेत गाडी आडवी घालतो, पावलांनी रुंदी मोजतो आणि झाडावर बोट ठेवतो, याचा त्या वाडीत एकच अर्थ होतो. रस्ता रुंद करायला माणसे येणार आणि वाड्या जाणार, ही कुणकुण तिथे वर्षानुवर्षे आहे.

"आधी माझ्यावरून गाडी न्या, मग चिकू तोडा," आजी म्हणाल्या.

कोणीतरी रुंदीकरणाच्या विरोधकांच्या पुढाऱ्यांना बोलावून आणले. पुढारी म्हणजे दादा. ते ताडताड आले आणि थबकले. "भावोजी? तुम्ही पालिकेत कधीपासून?"

हा प्रश्न महागात पडला. आता सगळे दादांकडे पाहू लागले. मोजणीवाला तुमच्याच घरचा काय, असे कोणीतरी हळू विचारले. वीस वर्षे ज्यांनी या वाटेचा एक दगड हलू दिला नाही, त्यांचा चेहरा क्षणात उतरला.

"मोजणीवाला नाही, तर मग गाडी मागे का घेत नाही?" आजींनी विचारले. नेमकी त्याच वेळी सोनचाफ्याची पुडी घेऊन सुलभा येऊन पोचली.

मी दादांकडे पाहिले, गाडीकडे पाहिले. "हिचा रिव्हर्स गिअर गुरुवारी निवर्तला," मी म्हणालो.

आधी टेम्पोवाला हसला, आणि त्याच्यामागून सबंध वाडी. "अरे बाबा, मग आधी सांगायचंस," आजी म्हणाल्या. "मी सुनेला कोयता आणायला पिटाळलंय."

टेम्पोवाल्याने सीटखालून जाडजूड दोर काढला. "मागं बांधू, चौघं जन वढू. दोन मिन्टांचं काम."

मी दोराकडे पाहत राहिलो. सुलभाही त्याकडेच पाहत होती. तिला एक शब्दही बोलावा लागला नसता. तिने पुडी गडग्यावर ठेवली, पदर खोचला आणि दोन्ही तळहात बॉनेटवर टेकले.

"दोर नको," ती म्हणाली. "ढकलू या."

जेवणात केळफुलाची भाजी आणि सांदणे होती. माझा वृत्तांत प्रत्येक वाढपासोबत नव्याने सांगितला गेला.

परतताना आम्ही नालासोपाऱ्यावरून आलो. पहिल्याच वळणावर दुसरा गिअर सुटला, तशी सुलभेने दांडा धरला. "तुम्ही स्टिअरिंगकडे बघा," म्हणाली, आणि मनवेलपाड्यापर्यंत तिने तो सोडला नाही. असे धरून चालवणे गिअरबॉक्सला घातक असते, हे मला ठाऊक होते; पण त्या हाताला ते सांगण्याचे धैर्य झाले नाही. गाडी उतारावर, नेहमीच्या जागी, स्वतःच्या चाकांनी चढली.

सोमवारी गॅरेजात गिअरबॉक्स उघडला. पहिल्या डागालाच गेलो असतो, तर ऑइल सील बदलून भागले असते; आता आतील चक्रे, बेअरिंगे आणि क्लच प्लेट असा सहकुटुंब खर्च झाला. रिव्हर्स पडतो. दुसरा गिअर सुटत नाही. तरी वळण आले, की सुलभेचा हात दांड्यावर येतो.

परवा दादांचा फोन आला. वाडीत खरोखरीचे मोजणीवाले साहेब आले होते, जीप घेऊन. टेप काढण्याच्या आतच वाडी जमली, प्रत्येकाने बॉनेटवर हात टेकले आणि अत्यंत आपुलकीने जीप थेट हमरस्त्यापर्यंत मागे ढकलत नेली. गाडीला काहीही झालेले नाही, असे साहेब आतून परोपरीने सांगत होते म्हणे.

"राहू दे हो," आजी म्हणाल्या. "आमचे जावईसुद्धा आधी कबूल करत नव्हते."