ओरिजिनल दाखवा

भाऊजींच्या वर्षश्राद्धाला ताईने डोंबिवलीच्या घरात, हॉलमधलं सामान भिंतीला सरकवून, जमिनीवर त्यांचा चेहरा रांगोळीने काढला. मी वर्तकनगरहून सकाळीच गेले होते, म्हणून सगळं समोर बसून पाहिलं. चिमटीतून रंग सोडता सोडता ती मध्येच म्हणायची, "हलू नका हो." वागळे इस्टेटच्या कारखान्यात डोळ्यात ठिणगी गेल्यापासून भाऊजींची डावी पापणी अर्धी मिटलेली असायची. तीसुद्धा हुबेहूब उतरली. मला रडू आवरेना.

संध्याकाळी तिने फोटो काढला आणि रांगोळी स्वतःच्या हाताने पुसली. त्यांच्यावर कुणाचा पाय पडायला नको, एवढंच म्हणाली.

फोटो तिने रांगोळीच्या ऑनलाइन ग्रुपवर टाकला. भाऊजी गेल्यावर त्या ग्रुपमधल्या बायकांनीच तिला पुन्हा रंग हातात घ्यायला लावले होते. पण हल्ली तिथे कुणीही उठावं, एआयकडून बनवून घेतलेले, कधी जमिनीला न लागलेले मोर टाकावेत आणि वाहवा मिळवावी, असं चाललं होतं. लोक वैतागले होते, आणि त्यांचा राग मला कळतो. पण तो निघाला ताईवर.

"एआय आहे. डोळे बघा, दोन्ही सारखे नाहीत."

"काकू, ओरिजिनल दाखवा."

अहो, पुसलेल्या रांगोळीचं ओरिजिनल आणायचं कुठून? मी तिथे होते, डोळ्यांनी पाहिलंय, असं मी लिहिलं. उत्तर आलं, घरचे तसं म्हणणारच. माझं डोकंच फिरलं. हातच्या काकणाला आरसा कशाला, सोड तो ग्रुप, असं ताईला परोपरीने सांगितलं. तिचं मात्र एकच चाललेलं, "ह्यांच्या डोळ्याला खोटं म्हणतायत गं ते."

पुढच्या रविवारी तिने मला मोबाइल धरून बसवलं आणि व्हिडिओसाठी पुन्हा काढायला घेतलं. नाक आलं, मिशी आली. पापणी काही येईना. तिने तेवढा भाग पुसला, पुन्हा भरला, पुन्हा पुसला. बघता बघता जमिनीवर कुणी परकाच माणूस दिसायला लागला, तेव्हा मी व्हिडिओ बंद केला. ओलं फडकं आणून तिने सगळं एकदम पुसून टाकलं.

मी चहा केला. तो निवत राहिला आणि ती पहिल्या रांगोळीचा फोटो उघडून बसली. दोन बोटांनी डोळा मोठा करून बघत होती, परत लहान करत होती. मी शेजारी टेकले तेव्हा तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. मला वाटलं, आता रडेल. रडली असती तर बरं झालं असतं.

"अगं, हे मीच काढलेलं ना?" तिने विचारलं. आणि ती खरंच विचारत होती.