उद्याचे चार अंश

बाजारातल्या झाडून सगळ्या हॉटेलांत तिचं नाव एकच: थर्मामीटरबाई. ती दिसली की आतून दबका ओरडा, "आली रे आली, टोप्या घाला!" आणि मग भांड्यांची जी काय आदळआपट! हात धुवायचा साबण विचारला, की प्रत्येक ठिकाणी तेच उत्तर, त्याच गेंगाण्या सुरात: "का-लच संपला हो मॅडम!" आरोग्य खात्यात एकवीस वर्षं हे ऐकून ती आता वडी स्वतःच्या पिशवीतच ठेवायची. "घ्या. आधी धुवा, मग रडा."

त्या मंगळवारी मात्र तपासणीची यादी हातात पडताच ती थेट साहेबांकडे गेली. यादीत सख्ख्या ताईची खानावळ होती. "साहेब, ही दुसऱ्या कुणाला द्या ना," तिने विनवून पाहिलं. साहेबांनी फायलीतून मानही वर काढली नाही. "दोघं रजेवर आहेत. जा, आणि नातं बाहेर ठेवून जा."

ताईने दारातच गाठलं. "या मॅडम! चहा घेणार, की तोही मोजणार?"

"ताई, फ्रिजचा तक्ता दाखव."

फ्रिजचं तापमान रोज सकाळ-संध्याकाळ बघून लिहायचं असतं. ताईने टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं. काल चार अंश. आज सकाळी चार, आज संध्याकाळीही चार. उद्या चार. थेट रविवारपर्यंत चार.

"रविवारचं तुला आजच कळलं?"

"अगं, चारच असतं! सोमवारी बसते आणि आठवड्याचं उरकून टाकते. मला काय ते एकच काम आहे?"

थर्मामीटरबाईने फ्रिज उघडला. काल शिजवलेल्या कोंबडीचं भलंमोठं पातेलं होतं, त्यात थर्मामीटरची सळी खुपसली. आकडा तेरावर थांबला. दाराचं रबर एका बाजूने सुटलं होतं. कधीपासून, देव जाणे. आणि साडेबाराला याच पातेल्यातून शेजारच्या वृद्धाश्रमात चाळीस ताटं जायची होती.

"खळखळून उकळते ना मी! सगळं मरतं त्यात."

"जंतू मरतात गं. त्यांनी केलेलं विष उरतं. हे ओतायचं, आणि फ्रिज नीट होईपर्यंत खानावळ बंद."

"तुझं शेंबडं नाक पुसलंय मी," ताई म्हणाली. "आणि तू माझ्याच दारावर कागद चिकटवणार?"

"चिकटवणार." तिने पिशवीतून बंदचा कागद काढला.

ताईने फणकाऱ्याने वृद्धाश्रमाला फोन लावला. तो तिथल्या एका आजीने उचलला. "आजी, आज ताटं नाहीत. का म्हणजे? माझ्या बहिणीने बंद पाडलं! हो, सख्ख्या! घ्या, तिलाच विचारा."

फोनचा आवाज मोठा होता, आजीचा त्याहून मोठा. "काय गं, बिघडलं होतं का?"

"वासावरून कळत नाही, आजी. पण तुम्हाला खायला घालून बघायचं नव्हतं."

"बरं केलंस हो. गेल्या आठवड्यात माझ्या शेजारच्या खाटेवरची तीन दिवस ओकत होती. तुझ्या ताईला वाईट वाटेल, म्हणून आम्ही कुणी बोललो नाही."

ताईने ते ऐकलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने फ्रिजमधून पातेलं एका बाजूच्या कडीला धरून ओढलं.

"उभी काय राहिलीस?" ती बहिणीकडे न बघताच म्हणाली. "धर ती कडी."