ज्याची त्याची टोपली

नोकरीला लागलो तेव्हा देवासला टेकडीमागे संस्थानचा मेंढवाडा होता. दाणावैरण तोलून देणे हे माझे काम. मेंढ्या सांभाळायला एक म्हातारा धनगर होता. सगळे त्याला दाजी म्हणत.

एका हिवाळ्यात चार-पाच मेंढ्या अगदी हाडकुळ्या झाल्या. बाकीच्या मात्र गुबगुबीत. दाणा रोज पुरेसा जात होता, मग मुरतो कुठे? दाजी घरी नेत असावा, असे मी वरिष्ठांपाशी बोलून बसलो. त्यांनी त्याला चारचौघांत खडसावले. बाहेर आल्यावर दाजी मला एवढेच म्हणाला, "बाबूजी, कूण कितरो खावे, देख तो लो."

दुसऱ्या दिवशी मी एक रोड मेंढी वेगळी काढून तिच्यापुढे टोपली ठेवली. ती दाण्याकडे पाठ करून दिवसभर ओरडत राहिली. दुसरीनेही तेच केले.

"एकली गाडर कदी नी खावे," मेंढीकडे बोट दाखवत दाजी म्हणाला. "संगवाली दिखणी चइये."

मग त्यानेच बांबू चिरून ताट्या विणल्या. एकाच वाड्यात शेजारी शेजारी कप्पे झाले. ताटीतून शेजारणीचे तोंड दिसे, पण टोपली ज्याची त्याची. आठवडाभर मी प्रत्येक टोपली आधी तोलली आणि नंतर उरलेला दाणाही तोलला. जाड्या मेंढ्या बघता बघता टोपली साफ करत आणि शेजारच्या टोपलीसाठी ताटीला धडका देत. रोड मेंढ्याही जवळपास तेवढेच खात, पण सावकाश. सामाईक गव्हाणीत त्यांचा घास दुसऱ्याच पळवत होत्या. एकीच्या टोपलीत मात्र निम्मा दाणा उरे. दाजीने तिचे तोंड उघडून दाखवले. दाढा पार झिजल्या होत्या.

मी वरिष्ठांना खरे ते सांगितले. ते हसून दुसऱ्या कामाला लागले. मला हसू आले नाही. वाड्यावर जाऊन म्हणालो, "दाजी, माझं चुकलं. तुमच्यावर नाहक आळ घेतला."

तो त्या दाढा झिजलेल्या म्हाताऱ्या मेंढीसाठी दाणा भिजवत होता. "हूँ भी इके नखराली समज्यो थो, बाबूजी," तो म्हणाला. "घणी मारी इके."

आणि त्याचाच मार खाल्लेल्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. होळीपर्यंत बाकीच्या अंगाने भरल्या. म्हातारी तेवढी वैशाखात गेली, पण शेवटपर्यंत तिचे ती खात होती.