काचेचा धागा आणि आमची शोभा

लाजिरवाण्या किश्श्यांचं असंच असतं. एक सांगून मोकळं व्हावं, तर मागून दुसरा हजर! इंदूरच्या गिरण्या बंद पडत होत्या, बाजारात परदेशी माल येऊ लागला होता. तेव्हा पोलोग्राउंडच्या वर्कशॉपमध्ये मी, महूचे कांबळेजी आणि पुण्याहून आलेले आमचे सर दरड कोसळण्याआधी इशारा देणारं यंत्र बनवत होतो. फायबर ऑप्टिक केबल, म्हणजे काचेचा धागा, उतारावर पुरायचा. माती सरकली की धागा ताणला जातो, आतला प्रकाश मंदावतो आणि घंटा वाजते.

*

प्रकाश मोजायचं मशीन परदेशातून आलं. दसऱ्याला सरांनी थाटात पूजा केली. दुसऱ्या दिवशी रीडिंग शून्य! सरांनी कंपनीला खरमरीत फॅक्स पाठवला. त्यांचा गोरा इंजिनिअर आला, त्याने केबल जोडायचं भोक कापसाने पुसलं आणि लाल बोळा बघून दचकला. "इज समबडी हर्ट?"

पूजेचं कुंकू होतं! सर खिडकीबाहेर बघत राहिले.

*

चाचणीसाठी बंद गिरणीच्या आवारात मातीचा ढीग रचला. फाटकाशी जुने कामगार जमले. "मिल चालू हो रही है क्या, भिया?"

"नाही हो, ढीग पाडून बघायचाय," कांबळेजी म्हणाले.

"गिराने का काम भी कर लेंगे, भिया!"

मला मान वर करवेना.

*

मग डेमो. मोठे साहेब आले. सर ढिगावर चढून भाषण देऊ लागले आणि ढिगासकट खाली आले! घंटा गप्प. माइक लावायला सरांनी तिचाच प्लग काढला होता. साहेब चहा न घेताच गेले.

*

शेवटी महूच्या पुढे घाटात, एका वस्तीच्या वर खरी केबल पुरली. तांब्याची समजून कुणी कापून नेऊ नये म्हणून सरांनी सगळ्यांना बजावलं, "इसमें करंट है! छुआ तो मरे!"

पावसाळ्यात एका दुपारी, आम्ही वस्तीतच असताना, घंटा खरंच वाजली. डोंगराला भेग पडली होती. ओढ्याला पूर, सुटायला एकच वाट, आणि त्या वाटेवर घंटेपर्यंत आणलेली आमची केबल पावसाने उघडी पडलेली. अख्खी वस्ती लेकरं काखेत घेऊन केबलपाशी थांबली!

"करंट नहीं है!" सर ओरडले.

"साब ने जूते पहने हैं," एक म्हातारी म्हणाली.

सरांनी बूट फेकले आणि चिखलात अनवाणी उभं राहून केबल दोन्ही हातांनी धरली. एकेक करून लोक ओलांडून गेले. राहिली म्हातारी.

"तो पहाड़ वाली बात भी झूठ होगी," म्हणत ती घराकडे वळली.

सरांनी चिखलात बसून तिचे पाय धरले. "माई, ये सच है! कसम से!"

म्हातारी म्हणाली, "करंट का भी ऐसेच बोले थे, साब."